हात खाली, पाट्या वर

प्रश्न विचारला की वर्गात हात वर होतात, आणि बहुतेक वेळा ते ठरलेल्या चार-पाच जणांचेच असतात. 'बाई मी, बाई मी' करत ही मुलं बाकावरून अर्धी उठतात. बाकीच्यांना अनुभवाने कळलेलं असतं की जरा कळ काढली तर उत्तर दुसरं कुणीतरी देणार आहे. त्यांचं तरी काय चुकतं? म्हणून माझ्या चौथीच्या वर्गात गणिताच्या तासाला हात वर करायचा नाही. पाटी वर करायची.

मी उदाहरण सांगते. प्रत्येकाने पाटीवर लिहायचं, पाटी छातीशी उलटी धरायची आणि 'दाखवा' म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर करायची. उलटी धरणं महत्त्वाचं, नाहीतर शेजारच्या पाटीवरचं उत्तर हा हा म्हणता बाकभर पसरतं.

सांगणं आणि 'दाखवा' म्हणणं यांच्या मधला वेळ मुलांपेक्षा मलाच जड जातो. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञानशिक्षण-अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबलं, तर उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' म्हणणं कमी होतं आणि अधिक मुलं आपणहून बोलतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण फळ्यापाशी गप्प उभं राहून बघा! जीभ नुसती शिवशिवते. लेखी वजाबाकीला तर याहून किती तरी जास्त वेळ द्यावा लागतो. तेवढ्या वेळात मी डस्टर झटकते, खिडकी लावते, पण 'अरे, हातचा' म्हणत नाही.

मग पाट्या वर होतात. समजा, त्रेसष्टातून अठ्ठावीस वजा करायला सांगितले. ३५ लिहिणाऱ्यांची मला काळजी नाही. काही पाट्यांवर ४५ असतं. तिनातून आठ जात नाहीत, म्हणून त्यांनी आठातून तीन घालवलेले असतात. आणि एखाद्या पाटीवर नुसते ८. घाईत पाहिलं तर हेच उत्तर सगळ्यात वेडंवाकडं. पण या मुलीने त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिलंय आणि त्यातून २८ अगदी बिनचूक वजा केलेत, हातच्यासकट. तिला वजाबाकी पुन्हा शिकवणं म्हणजे दुखतं एकीकडे आणि लेप दुसरीकडे. आपल्या संख्यानामांत एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. ती तिथे अडकली आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढी टिंगल झाली होती! टिंगल करणाऱ्यांना अशी एखादी पाटी दाखवायला हवी होती.

तिन्ही उत्तरं मी नावं न घेता फळ्यावर लिहिते आणि विचारते, 'हे उत्तर कसं आलं असेल?' बरोबर कोणतं ते लगेच सांगत नाही. मुलं पोलिसासारखी माग काढतात. कधी कधी ४५ वालाच उठून स्वतःची चूक समजावून सांगतो. पुढची कामं मात्र वेगवेगळी. ४५ वाले काड्या घेऊन बसतात, दहाचा गठ्ठा सोडून सुट्या काड्या मोजतात. ८ वालीला मी नुसत्या संख्या सांगते, वजाबाकी नाही. ३५ वाल्यांनी त्याच आकड्यांवर शाब्दिक उदाहरण रचायचं, आणि ते बाजारातल्या आंब्यांचं नको, ही अट.

मराठीच्या तासाला ही युक्ती चालत नाही. धड्यातली आजी का रडली, हे पाटीवर मावत नाही. तिथे आधी शेजारणीशी बोलायचं, आणि मी विचारलं की आपलं नव्हे, तिचं म्हणणं सांगायचं. चुकलं तर ते तिचं, त्यामुळे एरवी तोंड न उघडणारी मुलंही बोलतात. शिवाय ऐकावं लागतं. 'बाई मी, बाई मी' वाल्यांचा यात फार हिरमोड होतो.