नको म्हणण्याचा हक्क

दारावर आलेल्या विक्रेत्याला 'आज काही नको हो' असं आपण सहज सांगतो आणि तो बिचारा पुढच्या दाराशी जातो. पण मोबाइलमधून घरात शिरणाऱ्या विक्रेत्यांचं काय? साड्यांचा सेल, झटपट कर्ज, स्वस्तातली सहल! सकाळचा चहा होण्याआधीच ई-मेलमध्ये दहा-बारा पत्रं येऊन पडलेली असतात. मेली कटकट म्हणून आपण ती तशीच राहू देतो.

ते किती महागात पडतं, हे आमच्या धरमतरला मी पाहिलं आहे. शेजारच्या वहिनी उन्हाळ्यात पोह्यांचे पापड करतात. पेणच्या बाजारात तर ते जातातच, शिवाय परदेशातल्या ओळखीच्या घरांतून ई-मेलवर मागणी येते. एका वर्षी ती आलीच नाही. पुढं फोनवर कळलं, की पत्र पाठवलं होतं, पण ते परत गेलं! त्यांच्या फुकटच्या खात्यात फोटो आणि पत्रं मिळून 15 जीबी जागा. नातवंडांचे फोटो आणि वर्षानुवर्षांच्या जाहिराती यांनी ती काठोकाठ भरली होती. वहिनींचा हंगाम बुडाला.

तुम्ही म्हणाल, याला कायदा नाही का? फोन आणि एसएमएस यांच्यासाठी आहे, आणि चांगला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार 1909 वर फोन करून किंवा इंग्रजीत 'स्टार्ट 0' असा संदेश पाठवून जाहिराती बंद करता येतात. बँकेचे ओटीपी बंद पडतील ही भीती नको. ते येतच राहतात. तरीही कुणी छळलं तर 1909 वरच तक्रार करावी. 2025 च्या दुरुस्तीनं तक्रारीची मुदत तीनऐवजी सात दिवस झाली, आणि आधी नाव नोंदवलेलं नसलं तरी तक्रार करता येते.

ई-मेलचं मात्र जरा निराळं. आपल्याकडं त्यासाठी वेगळा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 अ कलमात त्रासदायक ई-मेलचा उल्लेख होता, पण त्या कलमानं लोकांच्या बोलण्यावरच गदा येत होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ते 2015 मध्ये रद्द केलं. आता आशा आहे ती 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे, असं तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, तेव्हा संमतीची कलमं दीड वर्षानं लागू करायचं ठरलं.

तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. ओळखीच्या दुकानाचं पत्र असेल, तर तळाशी बारीक अक्षरात 'अनसबस्क्राइब' असतं, ते दाबा. अनोळखी पत्रातलं काहीच दाबू नका, अगदी 'अनसबस्क्राइब'सुद्धा! पत्ता चालू आहे हे त्यांना त्यातून कळतं. अशी पत्रं सरळ 'स्पॅम'मध्ये टाका. मग जुन्या जाहिराती एकगठ्ठा निवडून काढा आणि कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर जागा लगेच मोकळी होत नाही. पत्राच्या नादानं पैसेच गेले असतील, तर विनाविलंब 1930 वर फोन करा.

आणि खरं मूळ आहे दुकानाच्या गल्ल्यावर. 'ताई, मोबाइल नंबर सांगा' म्हटलं की आपण घडाघडा सांगून मोकळ्या होतो. नंबरावाचून बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. दुकानदार अडूनच बसला तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आपल्याला भीड पडते, नाही का? पण 1966 मध्ये मुंबईत नऊ गृहिणींनीच पुढं होऊन ग्राहकांची संस्था काढली होती. आपल्याला तर फक्त दोन शब्द बोलायचे आहेत. पुढच्या खेपेला गल्ल्यावर नंबर मागितला, की हसून पण ठामपणे म्हणा, 'नंबर नको, बिल द्या.'