पाहुणे गेल्यावर

गणपती गेले, आज सकाळच्या गाडीने मुंबईची मंडळीही गेली. ५ दिवस १४ माणसं या घरात वावरली. ओटीवरच्या चटया गोळा केल्या आणि घर तपासायला घेतलं.

सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरपाशी उभी राहिले. काटा हळूच सरकत होता. म्हणजे कुठेतरी गळतंय. फ्लशच्या टाकीत खायचा लाल रंग टाकला; २० मिनिटांनी न ओढताच भांड्यात गुलाबी ओघळ उतरला. टाकीतलं रबर गेलंय, दुसरं बसवता येईल.

माजघरातला बोर्ड पाहून मात्र पोटात गोळा आला. एकाच सॉकेटवर इस्त्री, किटली, चार-चार मोबाइल चालले होते. कडेचं प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळलेलं, नाक जवळ नेलं तर जळकट वास. आतली पकड सैल झाली की तिथेच तापत जातं. मेन स्विच पाडला, वायरमनला निरोप धाडला. त्याच भिंतीला लागून भाचीची कापसाची गादी होती. आठवलं की अजून हात गार पडतात.

तिकडे कुणाला कळवणार नाही. पुढच्या वर्षीही सगळ्यांनी यायला हवं. उघडीप होती म्हणून गादी उन्हात टाकली. तिच्याखाली जाईची सुकलेली वेणी सापडली.