शांतारामबापूंना मोडीत काढण्याआधी

चि. गार्गीस,



परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, व्ही. शांताराम यांच्यावर निबंध लिहायचाय, पण ते मला झेपतच नाहीत. किती भडक!" फोनवर वाद घालायला मला जमत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय मी कोल्हापूरची. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभारणाऱ्या गावात राहून या माणसाची बाजू घेतली नाही, तर शेजारीपाजारी काय म्हणतील?

भडकपणा आहे, हे आधीच कबूल करते. 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली' पुरता बघून झाला असं छातीठोकपणे सांगणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. पण तू उलट्या टोकाकडून सुरुवात केलीस. आधी 'नवरंग', मग 'झनक झनक पायल बाजे', आणि तिथेच दमलीस. आता 1937 सालचा 'कुंकू' बघ. कान उघडे ठेवून बघ. केशवराव भोळे संगीतकार असूनही त्यात पार्श्वसंगीत नाही. जे वाजतं ते घरातलं, रस्त्यावरचं, ग्रामोफोनवरचं. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा, आणि त्या घरात टोले देणारं घड्याळ. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, जो तो पडदाभर आवाज ओतत होता, तेव्हा या माणसाने हात आखडता घेतला. केशवराव दात्यांचे काकासाहेब खलनायक नाहीत, हेही नीट बघ. आरशातल्या स्वतःच्या म्हातारपणाशी भांडणाऱ्या त्या माणसाची मला दर वेळी कीव येते आणि रागही येतो. सावत्र मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलंय, म्हणजे सई परांजपे यांच्या आई. प्रत्यक्षात त्या संततिनियमनाचं काम करत होत्या. समाजसेविकेच्या भूमिकेत खरीच समाजसेविका आणून उभी करायची, हा डोक्यातला किडा बापूंचाच.

हा किडा आला कुठून? वणकुद्र्यांचा हा मुलगा गंधर्व नाटक मंडळीत राबला, हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात राबला, तिथल्या थिएटरात पडेल ते काम केलं आणि 1920 साली बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आला. पेंटरांनी कॅमेरा स्वतःच्या हातांनी घडवलेला. अशा गुरूकडे झाडण्यापासून रंगवण्यापर्यंत सगळं करावं लागे, आणि माणूस कमी पडला की तोंडाला रंग फासून कॅमेऱ्यापुढेही उभं राहावं लागे. 'सावकारी पाश'मध्ये (1925) जमीन गमावणाऱ्या तरुण शेतकऱ्याचं काम त्यांचं. तो मूकपट आता कुठेच बघायला मिळत नाही, ही आपल्या कपाळाची गोष्ट. बापूंचा अभिनय या कारखान्यात घडला, रंगभूमीवर नव्हे. म्हणून त्यात लकब कमी आणि अंगमेहनत जास्त.

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी इथे कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि चार वर्षांनी ती पुण्याला नेली. फिल्म इन्स्टिट्यूटच्या ज्या आवारात तू रोज फिरतेस, तेच हे आवार. फाटकातून जाताना शांता आपटेंची आठवण काढत जा. 'कुंकू'ची ही नीरा 1939 मध्ये कंपनीशी बिनसल्यावर त्याच फाटकाशी उपोषणाला बसली होती. पडद्यावर बंड शिकवणाऱ्या कंपनीला ते दारात आलेलं बघून काय वाटलं असेल, यावर तुझा अर्धा निबंध होईल.

आता माझं खरं म्हणणं. प्रभातमध्ये बापूंना अडवणारी माणसं होती. दामले-फत्तेलाल म्हणजे संथ, कसबी, कमी बोलणारी जोडी. त्यांचा 'संत तुकाराम' बघ. त्या कंपनीचा सर्वांत थोर चित्रपट बापूंचा नाही, असं मी म्हणते, आणि गावात त्यावरून माझं दोघांशी वाजलंही आहे. पण त्याच माणसांच्या सहवासात बापूंनी 'माणूस' केला, 'शेजारी' केला. 'माणूस'मध्ये तेव्हाच्या गोडगोड प्रेमपटांची चक्क टर उडवली आहे, तेही वेश्येच्या आणि पोलिसाच्या कहाणीत. पुढे अभिनेत्री जयश्रीबाईंशी लग्न, भागीदारांशी दुरावा आणि 1942 मध्ये मुंबईला स्वतःचा राजकमल स्टुडिओ. तिथे मालक तेच, दिग्दर्शक तेच. "बापू, हे जरा जास्त होतंय" असं म्हणणारं कोणी उरलं नाही. मला तरी तो सगळा भडकपणा या एकटेपणातून आलेला दिसतो.

आणि गंमत अशी की, प्रभातमध्ये बहुतेक कॅमेऱ्यामागेच राहिलेला हा माणूस राजकमलमध्ये पुन्हा कॅमेऱ्यापुढे आला. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'त (1946) सोलापूरचे कोटणीस ते स्वतः झाले. नट म्हणून ते ताठच आहेत, मान वळवतानाही हुकूम सोडल्यासारखं वाटतं. पण 'दो आँखें बारह हाथ'मध्ये (1957) तोच ताठपणा कामी आला. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत झाली होती, त्यावरून गदिमांनी कथा लिहिली. गदिमा त्याच मुलखातले. सहा खुनी कैद्यांना माळरानावर नेणारा जेलर फार मवाळ असता तर खोटा वाटला असता. बापूंचा आदिनाथ प्रेमळ नाही, हट्टी आहे. शेवटच्या झुंजीसाठी ते खऱ्या बैलापुढे उतरले, डोळ्यांना जबर दुखापत झाली आणि दृष्टी जाते की काय अशी वेळ आली. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. आणि पट्टी सुटल्यावर त्यांनी काय केलं? 'नवरंग'! तुला ज्या रंगांचा त्रास झाला, ते डोळे परत मिळालेल्या माणसाचे रंग आहेत. म्हणून ते आवडायलाच हवेत असं नाही. मलाही नाही आवडत.

तू विचारशील ते मीच विचारते. 'कुंकू' काढणाऱ्याने पुढे वयाने कितीतरी लहान असलेल्या अभिनेत्री संध्याबाईंशी लग्न केलं, त्याचं काय? समर्थन मला करायचं नाही. निबंधात हे लिही, पण 'कुंकू' त्यामुळे खोटा ठरतो असं मात्र लिहू नकोस. शकुंतलाबाई त्यात उभ्या आहेत, शांताबाई उभ्या आहेत. तो एकट्या बापूंचा चित्रपट नाहीच.

'पिंजरा'वर मुद्दामच काही लिहीत नाही. त्यात श्रीराम लागूंच्या मास्तरांपुढे बापूंची सगळी आतषबाजी फिकी पडते, असं मला वाटतं. तुझ्या बाबांना हे मान्य नाही, त्यांच्याशी तू भांड. आधी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात 'माणूस' आणि 'शेजारी' बघायला मिळतात का ते विचार. मिळाले तर कळव, मी एसटीने येते.

तुझी,
आत्या