थोरांच्या जागी

“आता यांची जागा कोण घेणार?” हा प्रश्न माणूस पुष्कळदा विचारतो, उत्तराची वाट मात्र क्वचितच पाहतो.

डिसेंबर २०२४ मध्ये रविचंद्रन अश्विन निवृत्त झाले. मे २०२५ मध्ये रोहित शर्मा आणि विराट कोहली यांनीही पाच दिवसांच्या अंतराने कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. पंचवीस वर्षांच्या शुभमन गिल यांच्याकडे नायकपद आले, आणि समोर इंग्लंडचा दौरा! आमच्या घरची वडीलधारी मंडळी कोंकणीत एवढेच म्हणाली, “पळोवया!”

लीड्सला आपल्या फलंदाजांनी पाच शतके काढली, तरी सामना गेला. झेल सुटले आणि तळाचे फलंदाज झटपट बाद झाले. नुसत्या शतकांनी संघ होत नाही, हा पहिला धडा. बर्मिंगहॅमला गिल यांनी २६९ व १६१ धावा केल्या. बुमराह विश्रांती घेत असता आकाशदीप यांनी दहा बळी मिळविले. त्या मैदानावरचा भारताचा हा पहिलाच कसोटी विजय. मँचेस्टरला अनुभवी जडेजा आणि तरुण वॉशिंग्टन सुंदर यांनी नाबाद शतके करून हातचा जाणारा सामना वाचविला. राहिलेल्या वडिलांच्या आधारानेच नवे उभे राहतात, हे तेथे दिसले.

ओव्हलवर हैदराबादच्या मोहम्मद सिराज यांनी हॅरी ब्रूक यांचा झेल घेतला, पण पाय सीमारेषेला लागला. १९ धावांवर वाचलेल्या ब्रूक यांनी १११ केल्या. शेवटच्या सकाळी इंग्लंडला अवघ्या ३५ धावा हव्या असता त्याच सिराज यांनी तीन बळी घेतले. भारत ६ धावांनी जिंकला. मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली.

तरी संघ पुरता घडला असे नव्हे. त्याच नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेने आपल्याच भूमीवर आपल्याला २-० असे हरविले.

आमच्या शाळेतील एक ज्येष्ठ गुरुजी निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा मराठीचा वर्ग आमच्याकडे आला. कित्येक महिने मुलांचे डोळे आमच्यात त्यांनाच शोधीत होते. आम्हांला त्याचे वैषम्य वाटले नाही. ती गुरुजींची पुण्याई होती. मुले आमचा आवाज ऐकू लागली, ती सावकाश.

विद्यार्थिमित्रहो, दहावीचा वर्ग आता शाळा सोडील. खेळात, वक्तृत्वात त्यांच्या जागा तुमच्याकडे येतील. पहिल्या पराभवाने कोणी तुम्हांला त्यांच्याशी ताडून पाहिले, तर खचू नका. जागा त्यांची असली, तरी खेळ तुमचा तुम्हांलाच खेळावयाचा आहे.