भिंतीतल्या टाक्यांची गोष्ट

शिरूर अनंतपाळ

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

घराचे फोटो पाहून तू विचारलंस, जुन्या दगडी भिंतीत दर दोन हातांवर सिमेंटचे ठिपके कशाचे? आणि आजीच्या महिला मंडळाला पैसे पाठवू का, असंही विचारलंस. दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ती बहुतेक आपल्याच घराखाली. आपल्याकडच्या भिंती दगड-मातीच्या आणि रुंद, पण आतला थर नि बाहेरचा थर एकमेकांत गुंतलेलेच नसायचे. वर माळवदाची जड माती. हादरा बसला की थर सुटायचे आणि माळवद अंगावर यायचं.

सर्वांत जास्त पडझड झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. तेव्हा निलंगा तालुक्यात असलेलं आपलं शिरूर त्यांत नव्हतं. आपलं घर उभं होतं, पण भिंतींना तडे गेले होते. अशा लाखो घरांच्या दुरुस्ती-मजबुतीसाठी सरकारनं अनुदान दिलं. काम मात्र घरवाल्यांनीच करून घ्यायचं होतं. पैसा कसा मिळतो, भिंत मजबूत कशी होते, हे सांगणार कोण? प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांना हाताशी धरलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या बाराशेहून जास्त गावांत मंडळाच्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या.

तोवर मंडळ म्हणजे भजन आणि हळदीकुंकू. आता त्याच बाया इंजिनिअरबरोबर घरोघर फिरू लागल्या. अनुदानाचे नियम चावडीवर मोठ्यानं समजावून सांगू लागल्या. ‘बायांना बांधकामातलं काय कळतं’ हे आजीनंही ऐकून घेतलं, पण घरी बसली नाही.

ते ठिपके तिच्या देखरेखीखाली झाले. गवंड्यानं भिंतीतले दोन-चार दगड सांभाळून काढले आणि आरपार भोक पाडलं. दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई त्यात ठेवली आणि सिमेंट-खडीचा माल ठासून भरला. वाकळीचे थर जसे टाक्यानं धरून राहतात, तसे भिंतीचे थर या टाक्यांनी धरले, असं ती बायांना समजावून सांगायची. मग रोज पाणी मारायचं. गवंडी गेला की हे काम घरोघर राहून जायचं, म्हणून आजी सकाळ-संध्याकाळ फेरी मारून भिंतीला हात लावून ओल बघायची. माळवदाची माती कमी करायला लोक तयार नसत. कारण उन्हाळ्यात तीच घर गार ठेवते. तिथं तासन्तास बसून समजूत घालावी लागे.

पुढं याच मंडळांतून बचत गट उभे राहिले. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिकडे गेल्या. त्सुनामीनंतर तमिळनाडूतही पोहोचल्या. भाषा वेगळी, पण घर पडलेल्या बाईशी काय बोलायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आपण यातून उभ्या राहिलो, तुम्हीही राहाल, हे सांगायचा हक्क त्यांनी सोसून मिळवला होता.

मुक्ता, दान मोठंच आहे. भूकंपानंतर देशभरातून आलेल्या धान्या-कपड्यांवर आपली गावं तगली, ते विसरून चालणार नाही. पण घर पुन्हा उभं करताना शेजारीण रोज येऊन पाणी मारलंस का विचारते, त्या सेवेला तोड नाही.

म्हणून पैसे जरूर पाठव, पण आधी मंडळाच्या बायांशी फोनवर बोल. सध्या काय अडलंय, कशाला कमी पडतंय, ते त्यांच्याच तोंडून ऐक आणि मग ठरव. शिवाय तू इंजिनिअर आहेस. जुन्या भिंती आज कितपत टिकाऊ आहेत हे बघायला पुढच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर चार घरं फिर. त्यांना तुझ्या पैशांइतकीच तुझ्या शिक्षणाचीही गरज आहे.

तब्येतीला जप.

तुझी,
आत्या