पाण्याचे सात कॅन आणि एक चिठ्ठी

"एवढा विमानाचा खर्च करून ऑस्ट्रेलियाला गेलात आणि पाहिलंत काय, तर वाळवंट?" आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीनं मला तोंडावरच विचारलं. तिचं काही चुकलं नाही. लेकीकडे ॲडलेडला जाऊन आलेल्या आईबापांनी सिडनीच्या ऑपेरा हाऊसपुढे काढलेला फोटो दाखवावा, अशी रीतच आहे. आम्ही आणली ती तांबडी धूळ. बॅगेच्या शिवणींत ती अजून आहे. पण हल्ली पुष्कळ घरांतली मुलं तिकडे स्थायिक झाली आहेत, आणि "आई, चल, आपण आउटबॅकमध्ये तंबू ठोकून राहू" हे वाक्य उद्या तुमच्याही कानांवर पडेल. म्हणून २०१८ च्या जुलैतल्या आमच्या सहा दिवसांची, आणि त्याहून जास्त त्यांच्या तयारीची हकीगत सांगते.

आउटबॅक म्हणजे त्या देशाचा आतला, कोरडा, जवळजवळ निर्मनुष्य मुलूख. आम्ही निवडला तो दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक. मारी नावाच्या गावापासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटरचा खडीमातीचा रस्ता. मध्ये वस्त्या दोनच, विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा. त्यांच्यामध्ये दोन-दोनशे किलोमीटर नुसतं आकाश. तुम्ही पुण्याहून नाशिकला निघालात आणि वाटेत चाकण नाही, मंचर नाही, संगमनेर नाही, चहाची टपरी नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही, अशी कल्पना करा.

पहिला प्रश्न ऋतूचा. आपल्या उन्हाळ्याच्या सुट्टीचा हिशेब तिकडे उलटा. डिसेंबर-जानेवारी म्हणजे त्यांचा कडक उन्हाळा. ऊडनाडाट्याला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलेलं आहे. तेव्हा जायचं ते मे ते सप्टेंबर या त्यांच्या थंडीत. दिवसा ऊन कोवळं, पण रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. मी हौसेनं सुती गाऊन नेला होता. पहिल्या रात्री त्यावर स्वेटर, शाल, ह्यांचा कोट आणि कानटोपी एवढं चढवलं, तेव्हा कुठं डोळा लागला. पाऊस क्वचितच, पण पडला की रस्त्याचा चिखल होतो आणि सरकार रस्ता बंद करतं. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी रस्त्याची खबर घ्यायची, आणि अडकून पडलो तर म्हणून दोन दिवसांचा शिधा जास्त घ्यायचा.

आता पाणी. इथं मात्र बायकांचं डोकं चालतं, बरं का! माणसं चार, दिवस सहा, माणशी रोज सहा लिटर पिण्याला नि स्वयंपाकाला, म्हणजे १४४ लिटर. जावयांना एकच मोठी टाकी बसवायची होती. मी म्हटलं, घागर एकच असली आणि ती फुटली तर? म्हणून वीस लिटरचे सात कॅन आणि वरच्या बाटल्या. रोज सकाळी कोणत्या कॅनमधून घ्यायचं ते ठरलेलं, आणि शेवटच्या दोन कॅनच्या झाकणांवर चिकटपट्टी. ती घरी विचारल्याशिवाय सोडायची नाही. भांडी आधी कागदानं पुसून घ्यायची, मग फवाऱ्याच्या बाटलीतल्या चार शिंतोड्यांत ती साफ होतात. आपण घासताना नळ किती सोडून ठेवतो, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं.

स्वयंपाकाला प्रेशर कुकर न्याच. पाणी कमी, गॅस कमी. डाळ-तांदूळ, मीठ, हिंग, हळद, मसाला एकत्र करून एकेका वेळेच्या पुड्या लेकीच्या घरीच बांधल्या. भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी, भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट घट्ट झाकणाच्या डब्यांत. तिकडची धूळ इतकी बारीक की चेन लावलेल्या पिशवीतही शिरते. भारतातून खाण्याचं नेणार असाल तर विमानतळावरच्या फॉर्मवर सगळं खरं लिहा. लपवलंत तर दंड ठरलेला. मी भाजणी ॲडलेडलाच करून घेतली. रानात लाकूडफाटा गोळा करू नये, पुष्कळ ठिकाणी मनाईच आहे. गॅसची शेगडी बरी.

आणि जो प्रश्न सगळ्याजणी कानात विचारतात, त्याचं उत्तर: छोटं फावडं. तंबूपासून आणि पाण्यापासून लांब, हातभर खड्डा, वर माती. कागद मात्र पिशवीत घालून परत आणायचा. पहिल्या दिवशी संकोच वाटतो. दुसऱ्या दिवशी आपणच सांगतो, "त्या झुडपामागे जागा छान आहे."

गाडीचा विषय पुरुषमंडळींचा, असं मी समजत होते. पण तुम्हीही चार गोष्टी विचारून घ्याच. गाडी चारही चाकांना ताकद लागणारी हवी. भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्यावर न्यायची परवानगी आणि विमा आहे का, ते कागदावर वाचा. स्टेपन्या दोन, हवा मोजायचं यंत्र, हवा भरायचा पंप, मोठं फावडं. पुढच्या वस्तीत डिझेल मिळतंय का, हे आधी फोन करून विचारा. आम्ही उपग्रहावरून चालणारा फोनही भाड्यानं घेतला होता. तो महाग वाटला, पण तिथं काटकसर करू नका.

सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे चिठ्ठी. लेकीनं शेजारणीकडे एक कागद दिला: गाडीचा नंबर, रोजचा मुक्काम, माणसं किती, ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या, आणि अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना कळवावं. त्याची एक प्रत गाडीच्या काचेखाली चिकटवली आणि तिच्यावर लाल शाईनं एक ओळ वाढवली: "गाडी कोणीही सोडायची नाही." मला ते जरा नाटकी वाटलं. पण लेकीनं कारण सांगितलं. १९६३ च्या डिसेंबरात मारीहून बर्ड्सव्हिलच्या रस्त्यानं निघालेल्या एका कुटुंबातले पाचही जण तहानेनं गेले. वाट चुकून, डिझेल-पेट्रोल संपून अडकलेली माणसं गाडी सोडून निघतात आणि उन्हाच्या तावडीत सापडतात. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

मारीला पोचलो तेव्हा मला एकदम घराजवळ आल्यासारखं वाटलं, कारण तिथं खजुरीची झाडं आहेत. एकोणिसाव्या शतकात ह्या वाळवंटात मालाची ने-आण करायला हिंदुस्थानातून, कराची बंदरातून उंट नेले आणि उंटवाले नेले. त्यातले कोणी बलुची, कोणी पंजाबी, कोणी पठाण, पण गोऱ्यांनी सगळ्यांना 'अफगाण' हेच नाव दिलं. रेल्वेरुळाच्या एका बाजूला गोऱ्यांनी राहायचं आणि दुसऱ्या बाजूला उंटवाल्यांनी नि मूळच्या आदिवासींनी, अशी गावाची वाटणी होती. त्यांच्यावरूनच तिथल्या गाडीला 'घान' म्हणतात. जुना लोहमार्ग १९८० मध्ये बंद झाला. त्याचे पडके फलाट आणि पूल आपल्याला वाटभर सोबत करतात.

कॉवर्ड स्प्रिंग्जला मुक्काम केला. जवळच भर माळावर मातीचे उंचवटे आहेत, आणि एकाच्या माथ्यावर पाणी आतून बुडबुडे काढत वर येतं. हे जमिनीखालच्या प्रचंड पाणीसाठ्याचं पाणी. ह्याच झऱ्यांच्या ओळीनं आधी अराबाना आदिवासींच्या वाटा गेल्या, मग तारायंत्र गेलं, मग रेल्वे. मी तो बुडबुडा पाऊण तास बघत उभी होते. विल्यम क्रीकच्या भोवतालची ॲना क्रीक ही गुरांची वाडी जगात सर्वांत मोठी समजतात. एकच मालमत्ता, आपल्या पुणे जिल्ह्याएवढी! अशा एकाकी घरांसाठी विमानानं येणाऱ्या डॉक्टरांची सेवा १९२८ पासून चालू आहे. घरोघर औषधांची पेटी असते आणि प्रत्येक औषधावर आकडा घातलेला असतो. डॉक्टर दुरून सांगतात, अमुक नंबरची गोळी द्या. किती साधी युक्ती, पाहा!

तिथून आम्ही काटी थांडा, म्हणजे लेक आयर, ह्या खाऱ्या तळ्याकडे वळलो. अराबाना लोकांना ते पवित्र आहे, त्यात गाडी घालायची नसते. आम्ही काठापर्यंतच जाणार होतो, पण पंचवीसेक किलोमीटरांवर मऊ वाळूत गाडी रुतली. दुपारचे दोन. फोन लागला, शेजारणीला ठिकाण सांगितलं. तासभर उकरलं, गाडी आणखी खाली गेली. जावई घामाघूम. गाडी तेच चालवत होते, त्यामुळे अपराध्यासारखे झाले होते. म्हणाले, "आई, मी चालत मोठ्या रस्त्यापर्यंत जातो. पंचवीसच किलोमीटर आहे. बाबांना रात्री इथं ठेवायचं मला बरं वाटत नाही."

जावयाला सासूनं हुकूम करायचा नसतो, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं. शिवाय त्यांचं म्हणणं मायेपोटी होतं. लेक नुसती काचेखालच्या कागदाकडे बघत राहिली. मी त्यांच्या खांद्यावरची पाण्याची पिशवी काढून घेतली आणि म्हटलं, "तुम्ही रागावलात तरी चालेल. पण तुम्ही जाणार नाही." ह्याच वाटेवर १९९८ च्या डिसेंबरात परदेशातून आलेलं एक जोडपं असंच रुतलं होतं. गाडीपाशी पाणी असूनही त्यांनी चालायला सुरुवात केली. तो परत फिरला, ती पुढे गेली आणि उन्हानं गेली. पोलिसांनी मागाहून चाकांतली हवा कमी केली, तर गाडी सुटली.

हवा! आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. हवा मोजायचं यंत्र पिशवीत तसंच होतं. रस्ता बदलताना हवा उतरवायची, हे आमच्या यादीत लिहिलेलंसुद्धा होतं. ३६ ची हवा १८ वर आणली, पायाखालच्या रबरी चटया चाकांपुढे घातल्या. दोनदा जमलं नाही. तिसऱ्या वेळी गाडी हुंदका दिल्यासारखी वर आली. तोवर सूर्य मावळतीला आला होता. अंधारात कांगारू नि गुरं आडवी येतात, म्हणून तिथंच तंबू ठोकला. रात्री खिचडी, मेतकूट आणि आकाशभर चांदणं. जावई बराच वेळ गप्प होते. मग ताट पुढे करून म्हणाले, "आई, अजून थोडी वाढा."

सकाळी काठावर जाऊन ते तळं पाहिलं. क्षितिजापर्यंत मीठच मीठ, पाण्याचा थेंब नाही. २०२५ मध्ये क्वीन्सलंडच्या पुराचं पाणी येऊन तेच तळं भरलं, तेव्हा लेकीनं फोटो पाठवले. माझा विश्वास बसेना.

घरी परतलो तेव्हा चिकटपट्टी लावलेले दोन्ही कॅन तसेच होते. शेजारणीला चिठ्ठी परत मागितली, तर तिनं ती फ्रिजवर लावून ठेवलेली. आणि ते चाळीस लिटर पाणी लेकीनं परसातल्या कढीपत्त्याला घातलं.