बांधावरची माशी

पाहुणा आला म्हणजे घरातल्या कोणाच्या ताटातला घास कमी झाला, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. मीही ते कधी विचारले नव्हते. परंतु गेल्या माघात मुरैन्याकडच्या आमच्या लहानशा शेतात उभा असताना हा अशिष्ट प्रश्न मनात आला, आणि अजून तो जात नाही.

ग्वाल्हेरहून उत्तरेस निघाले की थंडीच्या दिवसांत थेट चंबळेपर्यंत दोहो बाजूंना मोहरी फुललेली दिसते. या फुलोऱ्यामागोमाग पंजाब-हरियाणातून ट्रक भरभरून मधुपेट्या येतात. आमच्या शेताच्या कडेलाही दर वर्षी शंभरएक पेट्या मांडल्या जातात. त्यांचे मालक सरदारजी मोठे सौजन्यशील. जाताना मधाच्या चार बरण्या न चुकता देऊन जातात.

पेटीतली ही माशी मूळची आपल्याकडची नव्हे. १९६० नंतरच्या दशकात कांगड्यातील नगरोटा बगवाँ येथे प्रा. अटवाल यांच्या प्रयत्नांनी ही युरोपीय जात या देशात रुजली. तिला परकी म्हणून नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. आमचे पूर्वजही शिंद्यांच्या लष्करामागून दक्षिणेतून इकडे आले आणि इथल्याच अन्नावर वाढले. शिवाय ती आली म्हणजे शेंगा चांगल्या भरतात, असे आमचे शेत कसणारे दाऊ आवर्जून सांगतात.

त्या दिवशी माझी नात बांधापाशी बसून होती. तिने मला मातीतली पेन्सिलीच्या टोकाएवढी भोके दाखविली. ती मुंग्यांची असावीत असे मी म्हणालो. तेवढ्यात एका भोकातून करड्या रंगाची माशी बाहेर आली. ही एकांडी माशी. हिला राणी नाही, दासी नाहीत, मधाचे कोठार नाही. आई एकटीच बीळ खणते, परागाचा गोळा करून ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि दार बुजविते. काही आठवड्यांच्या आयुष्यात अशा जेमतेम काही खोल्या तिच्याकडून होतात. तीन वर्षांपूर्वी या बांधावर अशी भोके मोजता येत नव्हती. त्या दिवशी नातीने मोजली, ती सात भरली.

मोहरी ऐन भरात असते तेव्हा सर्वांनाच पोटभर मिळते. पंचाईत होते ती फुले झडू लागल्यावर. तेव्हा पेट्यांतल्या लाखो माश्या बांधावरच्या चार रानफुलांवर उतरतात. त्यांच्यातल्या एकीला फूल सापडले की ती नाचून साऱ्या पोळ्याला त्याचा पत्ता सांगते. एकांडीला सांगणारे कोणी नाही. तिला दूर जावे लागते, फेऱ्या कमी होतात, आणि तितक्या खोल्या रिकाम्या राहतात. हे नुकसान कोणाच्याही वहीत मांडले जात नाही.

आणि तरी त्यात आपलाही तोटा आहे. जगभरातल्या एक्केचाळीस पीकव्यवस्थांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रानकीटकांच्या भेटी वाढल्या की फळधारणा वाढते, आणि मधमाश्यांच्या तेवढ्याच वाढीव भेटींपेक्षा ती दुपटीने वाढते, असे त्यात आढळले. पेटीतली माशी रानमाशीच्या कामात भर घालते. तिची जागा घेऊ शकत नाही.

परंतु सारा दोष पाहुण्यावर घालून मोकळे होणे बरे नव्हे. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर वळविण्यास अडचण होते म्हणून तो बांध निम्मा कापला गेला, आणि त्याला संमती माझीच होती. आईचे घर मी मोडले. पाहुणे फक्त तिच्या ताटावर बसले.

यंदा मी सरदारजींना पेट्या निम्म्या आणण्याची आणि फुलोरा सरताच हलविण्याची विनंती केली. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग ‘ठीक आहे’ म्हणाले. त्यांच्याही घरी खाणारी तोंडे आहेत, हे मला त्या गप्प राहण्यातून कळले. बांध आता नांगरायचा नाही, त्यावरचे तणही काढायचे नाही, असे दाऊंना सांगितले. ते हसून म्हणाले, “भाऊसाहेब, सरदारजी मध तरी देतात. या माश्या तुम्हाला काय देतात?”

मला चटकन उत्तर सुचले नाही. येत्या माघात नातीला घेऊन पुन्हा भोके मोजायला जायचे, एवढे मात्र ठरविले आहे.